कीबोर्डची मांडामांड : गाणाऱ्याला ताटकळत ठेवू नका



आधी थोडक्यात ओळख. मी तोफखान्यातून निवृत्त झालेला अधिकारी. नोकरीत निम्मा देश फिरलो आणि शेवटी सिकंदराबादला घर केलं. निवृत्तीनंतर कीबोर्ड शिकलो. गेली दहा-अकरा वर्षं इथल्या मराठी मंडळींच्या कार्यक्रमांना साथीला बसतो. गणपती, कोजागरी, दिवाळी पहाट, कुणाची पंच्याहत्तरी, असे आमचे कार्यक्रम. मी काही कुणी उस्ताद नाही. त्यामुळे वाजवायचं कसं, हे आज सांगणार नाही. वाजवायला बसण्याआधी गाणी आणि सेटिंग्ज कशी लावून ठेवायची, तेवढंच सांगणार आहे. इंदूर, बडोदा, बेळगाव, बंगळूर, दिल्ली, कुठेही जा. मराठी मंडळ असतं, मंडळाचा एक कीबोर्ड असतो आणि त्याच्यामागे माझ्यासारखे एक काका बसलेले असतात. हे बोलणं त्या काकांसाठी आहे, आणि त्यांच्या जागी उद्या बसणाऱ्या मुलामुलींसाठी.

अरेंजर कीबोर्ड म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. डाव्या हाताने कॉर्ड धरली की वाद्य स्वतःच ठेका, बेस आणि गिटार त्या कॉर्डमध्ये वाजवत राहतं, आणि उजव्या हाताने आपण सूर वाजवतो. प्रत्येक ठेक्याचे, म्हणजे स्टाइलचे, तुकडे पाडलेले असतात. सुरुवातीला इंट्रो, मग मेन ए, मेन बी, मोठ्या वाद्यात डीपर्यंत, मध्ये फिल-इन आणि शेवटी एंडिंग.

आता कुणीही विचारेल, एवढा खटाटोप कशाला? मोबाइलवर कराओके ट्रॅक मिळतो, तो लावा आणि गा. गा ना, माझी हरकत नाही. पण ट्रॅक कुणासाठी थांबत नाही. गाणाऱ्याचा श्वास पुरला नाही, अंतरा आठवायला दोन सेकंद जास्त लागले, तरी ट्रॅक पुढे निघून जातो. अरेंजर थांबतो. मी बटण दाबेपर्यंत मेन ए फिरत राहतो. गाणारा तयार झाला, त्याने माझ्याकडे पाहिलं, की मी पुढे जातो. हौशी आणि वयस्कर गायकांसाठी हा फरक फार मोठा आहे.

पण गायकाने माझ्याकडे पाहिलं, तेव्हा माझे डोळे कुठे असतात? सगळा प्रश्न इथे आहे. मी जर त्या वेळी पडद्यावर स्टाइलच्या यादीत खालीवर करत असेन, तर त्याने माझ्याकडे पाहून उपयोग काय? निवेदिका नाव पुकारते, टाळ्या होतात, गाणारा माइकपाशी येऊन उभा राहतो, आणि वादक म्हणतो, "एक मिनिट हं." त्या एका मिनिटात गाणाऱ्याच्या तोंडाला कोरड पडते. आधीच त्याला धाकधूक असते, त्यात आपण भर घालतो. म्हणून मांडामांडीचा एकच हेतू धरून चला : कार्यक्रम सुरू झाल्यावर माझी नजर पडद्यावर नको, गाणाऱ्याच्या चेहऱ्यावर हवी. पुढचं सगळं या एका वाक्यातून निघतं.

हे साधायचं साधन प्रत्येक कंपनी देते, नावं मात्र वेगवेगळी. यामाहा त्याला रजिस्ट्रेशन मेमरी म्हणतं. कोर्गमध्ये साँगबुक आहे, रोलंडच्या अरेंजरवर यूझर प्रोग्राम असतो. कल्पना एकच. कुठली स्टाइल, किती टेम्पो, उजव्या हाताला कुठला टोन, कुणाचा आवाज किती, ट्रान्सपोज किती, हे सगळं एका बटणात साठवायचं. बटण दाबलं की वाद्य त्या गाण्यासाठी तयार. खास भारतासाठी काढलेले कीबोर्डही आहेत, उदाहरणार्थ यामाहाचा पीएसआर-आय५०० किंवा कॅसिओचा सीटी-एक्स९०००आयएन. त्यांत आपले ठेके आयते मिळतात. पण आयता ठेका म्हणजे तयार गाणं नव्हे. तयारी आपणच करायची.

आता जागांचा हिशेब. यामाहा पीएसआर-ई४७३सारख्या घरगुती वाद्यात ४ बटणं आणि ८ बँका असतात, म्हणजे एकूण ३२ जागा. मोठ्या वाद्यांत बँका फाइल म्हणून साठवता येतात, त्यामुळे जागेची चिंता नसते. पण बहुतेक मंडळांकडे छोटंच वाद्य असतं, म्हणून ३२ धरूनच बोलू.

पहिला मोह असा होतो की एका गाण्याला एक जागा द्यावी, म्हणजे ३२ गाणी बसतील. पण गाताना मागे वाजणारा टोन आणि मधल्या म्युझिकचा टोन सहसा एक नसतो. गाताना मागे हलके स्ट्रिंग्ज हवेत, मधल्या पीसला बासरी किंवा अकॉर्डियन. दुसरा मोह म्हणजे एका गाण्याला अख्खी बँक, चारही बटणं. मग आठच गाणी बसतात. मी मधला मार्ग धरतो. एका गाण्याला दोन जागा : विषम बटण गाण्यासाठी, सम बटण म्युझिकसाठी. म्हणजे १ आणि ३ वर गाणं, २ आणि ४ वर पीस. हे बोटात इतकं बसतं की पाहावं लागत नाही. १ ते ६ या बँकांत अशी १२ गाणी बसतात. उरलेल्या ७ आणि ८ या बँकांत मी गाणी ठेवत नाही. तिथे माझं राखीव दल असतं.

लढाईत सगळं सैन्य पहिल्याच दिवशी गुंतवत नाहीत, काही हातचं राखतात. इथेही तसंच. कार्यक्रम रंगात आला की पाहुण्यांतून चिठ्ठी येते : अमुक गाणं होऊ दे. ते गाणं यादीत नसतं. अशा वेळी उपयोगी पडतात त्या आठ जागा, गाण्याच्या नावाच्या नव्हे, ठेक्याच्या. केरवा संथ, मध्यम आणि जलद, दादरा संथ आणि जलद, भजनी, एक पाश्चात्त्य वॉल्ट्झ. आठव्या जागेत ठेका नाहीच, फक्त हार्मोनियमचा टोन, आणि वाद्यात सोय असेल तर तानपुरा. आपल्याकडची बहुतेक भावगीतं आणि जुनी सिनेगीतं यांतल्या एखाद्या ठेक्यावर चालतात. आठव्या जागेचा उपयोग तर सगळ्यात जास्त होतो. नाट्यगीताला, किंवा रूपकसारख्या सात मात्रांच्या गाण्याला ओढूनताणून ठेका लावण्यापेक्षा स्टाइल बंद करावी आणि तबलजींकडे पाहून मान डोलवावी. त्यांनाही बरं वाटतं.

टेम्पोच्या आकड्याबद्दल एक इशारा. एकाच केरव्याची स्टाइल एका वाद्यात ९० वर लिहिलेली असते, तर दुसऱ्यात १८० वर. मित्राने सांगितलेला आकडा तसाच उचलू नका. आकडा त्या वाद्याचा, त्या स्टाइलचा असतो. गायकाला घरी बोलवा, नुसतं गायला लावा, टॅप टेम्पोने लय पकडा आणि तो आकडा साठवा.

आणखी एक गोष्ट. गाण्यात विषम बटणावरून सम बटणावर गेलात की वाद्य साठवलेला टेम्पो पुन्हा लावतं. गायकाने लय जरा संथ केली असेल आणि आपणही टेम्पो उतरवत आणलेला असेल, तर त्या क्षणी ठेका एकदम धावायला लागतो. मोठ्या वाद्यांत यावर उपाय आहे. यामाहात त्याला फ्रीझ म्हणतात, काही वाद्यांत लॉक. ठेका आणि टेम्पो गोठवून ठेवायचे, मग बटण बदललं तरी फक्त टोन बदलतो. छोट्या वाद्यात ही सोय नसेल, तर लय खालीवर होणाऱ्या गाण्यात दुसरं बटण वापरूच नका. एकाच टोनवर पूर्ण गाणं वाजवा. श्रोत्यांना टोन बदलला नाही हे कळत नाही, ठेका घसरलेला मात्र शेवटच्या रांगेलाही कळतो.

आता पट्टी. ही सगळ्यात महत्त्वाची बाब.

माझ्यासारखे उशिरा शिकलेले लोक सगळं पांढरी १ वरून वाजवतात आणि ट्रान्सपोजने पट्टी बदलतात. जाणकार नाक मुरडतात. त्यांना नमस्कार करावा आणि ट्रान्सपोज लावावा. पण तक्ता पाठ हवा. पांढरी १ शून्य धरली तर काळी १ म्हणजे अधिक १, काळी २ अधिक ३, काळी ३ अधिक ६ किंवा उणे ६, काळी ४ उणे ४, काळी ५ उणे २. पांढरी ४ अधिक ५, पांढरी ५ उणे ५, पांढरी ६ उणे ३. काळी ४ साठी अधिक ८ सुद्धा चालतो, पण मग सगळे स्ट्रिंग्ज वर चढून किरकिरे वाटतात. उणे ४ बरा.

आणि प्रत्येक जागेत ट्रान्सपोज साठवा, शून्य असला तरी साठवा. नाहीतर आधीच्या गायिकेची पट्टी पुढच्या गायकाच्या गळ्यात पडते. तुमच्या वाद्यात कुठल्या गोष्टी साठतात, हे घरीच बटणं दाबून पाहून घ्या. शेजारी हार्मोनियम किंवा गिटार असेल तर तो विचारतो, "कुठून?" त्याला तुमची बोटं कुठे आहेत हे सांगून उपयोग नाही, ऐकू काय येतं ते सांगावं लागतं. म्हणून कागदावर पट्टी मोठ्या अक्षरात हवी.

पट्टी गाण्याची नसते, गाणाऱ्याची असते. एकच गाणं दोन जण गाणार असतील तर दोन वेगळ्या नोंदी करा. आणि तारीख टाका. तारीख कशाला, ते सांगतो.

आमच्याकडे एक बाई आहेत, आता ८१ वर्षांच्या. आम्ही सगळे त्यांना मावशी म्हणतो. त्या दर वर्षी एकच भक्तिगीत गातात, आणि ते झाल्याशिवाय आमचा गणपतीचा कार्यक्रम पुरा होत नाही. माझ्या वहीत त्यांच्या नावापुढे तीन नोंदी आहेत. २०१६ : काळी ५. २०१९ : काळी ४. २०२४ : काळी ३. म्हणजे उणे २, उणे ४, उणे ६. ही पट्टी बदलायला त्यांनी कधी सांगितलेलं नाही. दर वर्षी कार्यक्रमाआधी मी त्यांच्याकडे चहाला जातो, त्या सहज म्हणून गुणगुणतात, मी ऐकतो. वरचा स्वर लावताना मान वर गेली की मला समजतं. घरी येऊन आकडा बदलतो. व्यासपीठावर त्याबद्दल चकार शब्द निघत नाही.

मंडळी, याच्या उलट दृश्य तुम्ही पाहिलं असेल. माइकसमोर म्हातारं माणूस उभं आहे, आणि वादक मोठ्याने विचारतो आहे, "पट्टी खाली घेऊ का? झेपेल ना?" अख्ख्या सभागृहाला ते ऐकू जातं. त्यानंतर ते माणूस गातं खरं, पण पुढच्या वर्षी गात नाही. काही तरी कारण सांगतं. एका बटणात साठवलेला उणे ६ हा आकडा एवढं सांभाळू शकतो. म्हणून मी याला तांत्रिक काम म्हणत नाही.

आता नावं आणि याद्या. मोठ्या वाद्यात जिथे फाइलला नाव देता येतं, तिथेही पडद्यावर देवनागरी सहसा उमटत नाही. रोमन अक्षरांत लिहावं लागतं, आणि जागा थोडी असते. मी आधी कार्यक्रमातला क्रमांक लिहितो, मग गाण्याची पहिली दोन अक्षरं, मग पट्टी. क्रमांक दोन अंकी लिहा : ०१, ०२, ०३. नुसतं १, २ लिहिलंत तर अनेक यंत्रं १ नंतर १० आणि ११ लावतात, २ त्याच्याही मागे जातो. ऐन कार्यक्रमात हे शोधत बसायला वेळ नसतो.

याद्या तीन. पहिली मूळ यादी, अकारविल्हे, त्यात आजवर बसवलेलं प्रत्येक गाणं. तिला हात लावायचा नाही. दुसरी कार्यक्रमाची यादी, ती मूळ यादीची प्रत. क्रम बदलला, पट्टी बदलली, तर प्रतीत बदल करायचा. कार्यक्रम झाल्यावर जे बदल टिकाऊ वाटतील तेवढेच मूळ यादीत घ्यायचे. तिसरी राखीव दलाची. तिन्ही कागदावर हव्यात, वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात, कारण व्यासपीठावरचे दिवे आपल्या सोयीने लावलेले नसतात.

आवाजाच्या पातळीबद्दल बोलताना मला माझ्या कानांबद्दल सांगावं लागेल. तोफखान्यातल्या माणसाला निवृत्तिवेतनाबरोबर कानात एक शिटी मिळते. मोठ्या आवाजाने कान बिघडतो, तो सहसा ४००० हर्ट्झच्या आसपास आधी बिघडतो. माझ्या तपासणीच्या आलेखात तिथे चांगला खड्डा आहे. त्यामुळे हाय-हॅटची टिकटिक मला जवळजवळ ऐकू येत नाही. मग मी कानावर नाही, आकड्यावर चालतो. आवाजाची पातळी ० ते १२७ अशी असते. सभागृहात सौभाग्यवती शेवटच्या रांगेत बसते, मी वाजवतो, ती हाताने खालीवर खुणा करते. तिला पटलं की तो आकडा वहीत. एक गाणं नमुना म्हणून पक्कं करायचं आणि बाकीची त्याच्या बरोबरीला आणायची, म्हणजे प्रत्येक गाण्याला साउंडवाल्याकडे हात हलवावे लागत नाहीत. भावगीत असेल तर स्टाइलमधले फ्रेझ, म्हणजे मधून मधून येणारी सजावट, बंद करतो. ठेका आणि बेस पुरे. तुमचे कान उत्तम असतील तरी हेच करा. व्यासपीठावर बसणाऱ्याला समोर काय पोचतंय ते कधीच कळत नाही.

कार्यक्रमाच्या दिवसाचे तीन नियम.

एक. अनेक कीबोर्ड ठरावीक वेळ, बहुधा ३० मिनिटं, कुणी हात लावला नाही तर आपोआप बंद होतात. वीज वाचवायची सोय आहे ती. पण आपल्याकडे प्रमुख पाहुण्यांचं भाषण ३० मिनिटांत आटोपत नाही. ती सोय आधी बंद करा.

दोन. पेनड्राइव्ह दोन ठेवा, एक पिशवीत, एक खिशात. आणि त्यावरच्या स्टाइलच्या फोल्डरचं नाव नंतर बदलू नका. रजिस्ट्रेशनमध्ये अनेकदा स्टाइल साठवलेली नसते, ती कुठे आहे याचा पत्ता साठवलेला असतो. घराचं नाव बदललं की पोस्टमन परत जातो.

तीन. आदल्या दिवशी गायकाशिवाय कोरडी तालीम करा. वाद्य बंद करून पुन्हा चालू करा आणि यादीच्या क्रमाने प्रत्येक गाण्याचे पहिले चार बार आणि शेवट एवढंच वाजवा. १२ गाण्यांना पंधरा-वीस मिनिटं लागतात. फौजेत आम्ही नकाशावर पाठ केलेलंसुद्धा वाळूच्या मॉडेलवर पुन्हा चालून पाहत असू. तीच सवय.

शेवटचा मुद्दा. फौजेत बदली झाली की चार्ज देण्या-घेण्याचा रिवाज असतो. येणाऱ्याला सगळं मोजून, दाखवून, सही घेऊन द्यायचं. माझ्या जागी आता आमच्या सोसायटीतली बारावीतली एक मुलगी बसायला लागली आहे. तेलुगूभाषक घरातली आहे, मराठी गाण्यांतले शब्द तिला सगळे कळत नाहीत, पण गाणाऱ्याकडे पाहायचं कळतं. तिच्या हातात मी वही दिली आणि एक कार्यक्रम मी समोर श्रोत्यांत बसून ऐकला. मला एकदाही उठावं लागलं नाही. मांडणी जमली की नाही, याची कसोटी हीच. जी सेटिंग्ज फक्त लावणाऱ्यालाच सापडतात, ती लावलेली नाहीत असं समजा. वही तिला देताना मी एक पान मात्र बोट ठेवून दाखवलं. मावशींचं. म्हटलं, हा आकडा पुढच्या गणपतीआधी चहा पिऊन तपासायचा, आणि कुणाला सांगायचा नाही.

तुम्हाला आज रात्रीपासून सुरुवात करायची असेल तर बारा गाणी घेऊ नका. एकच घ्या. गाणारा एक ठरवा, त्याला फोन करा, त्याची पट्टी विचारून न थांबता त्याला गायला लावा आणि ऐका. मग दोन जागा भरा. उद्या दुसरं गाणं.

जय हिंद.